तिसरीला मानवणारी हवा

ता. ६ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई आणि तिच्या मांडीवरची कुंडी अशा दोघीही सुखरूप पोहोचल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. त्या पत्रात आईविषयी चार ओळी होत्या, कुंडीविषयी अर्धी, आणि तुझ्या नव्या शिलाई यंत्राविषयी पाऊण पान. ही वाटणी मला पटली नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आई त्या झाडाला ‘तिसरी’ म्हणते, हे तुला ठाऊक आहेच. थोरली मी, धाकटी तू आणि तिसरी ही दुरंगी पानांची जेड. तिघींत लाडकी कोण, हे विचारायची सोय नाही. पण तिसरी तुझ्या घरी राहणार असेल, तर तिची प्रकृती तुला समजली पाहिजे. विषय फार सुंदर आहे. कंटाळा न करता वाच.

तिची पाने गुबगुबीत दिसतात, कारण प्रत्येक पान म्हणजे पाण्याचा एक छोटा माठ आहे. पानाच्या मधल्या हिरव्या भागात हरितद्रव्य असते, म्हणजे अन्न तिथे शिजते. कडेच्या दुधी पट्ट्यात ते नसते. ती कड नुसती शोभेची. कमावणारे थोडे आणि खाणारे पुष्कळ, असा तो संसार आहे. त्यामुळे दुरंगी झाड साध्या हिरव्यापेक्षा सावकाश वाढते आणि सावकाश पिते. आता खोलीतली हवा दमट असली, तर पानांतून पाणी उडून जात नाही, माती ओली ती ओलीच राहते, मुळांना श्वास घेता येत नाही आणि ती कुजू लागतात. वरून झाड हसत असते आणि खाली कारभार आटोपलेला असतो. म्हणून खोलीतली आर्द्रता शेकडा चाळीस ते पन्नास इतकीच हवी.

त्यासाठी काय करायचे? पानांवर पाणी फवारू नकोस; ते लाड तिला सोसत नाहीत. तिला इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवू नकोस, कारण झाडे एकमेकांच्या अंगावर उसासे टाकतात आणि तेवढ्यात हवा ओलसर होते. सकाळी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड, म्हणजे हवा थांबून राहणार नाही. आणि पाणी वार ठरवून घालू नकोस. पान बोटांत धरून हलकेच दाब. कडक लागले तर परत फिर, किंचित मऊ लागले तरच घाल. तिला सारखे विचारत बसणे हाच तिचा मुख्य आजार.

सोबत माझा आर्द्रतामापक पाठवत आहे. वेधशाळेतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेला तो हाच. तो कुंडीच्या उंचीवर, वीतभर अंतरावर ठेव.

डॉक्टरांनी आईला खोकल्यासाठी हवापालट सांगितला, तो दोन महिन्यांचा. तिच्या औषधांच्या वेळा, पाणी किती प्यायचे आणि खिडकी किती उघडायची याचा तक्ता तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. तिने तो हरवला असल्यास कळव. प्रत काढून ठेवली आहे.

कळावे. लोभ आहेच; तो वाढवण्यापूर्वी खिडकी उघडावी, ही विनंती.

तुझी,
ताई


ता. १७ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तक्ता हरवला. कसा हरवला ते आई सांगत नाही, पण बटणांच्या डब्याखाली नेमका त्याच घडीचा एक कागद घातलेला मला दिसला. डबा आता डुगडुगत नाही. प्रत पाठवू नकोस; दुसरा डबा तसा सरळ आहे.

तुझा मीटर मिळाला. आमच्या ह्यांना ते घड्याळ वाटलं. त्यांनी ते तिसरीशेजारी खिळ्याला टांगलं आणि अर्धा दिवस काटा हलत नाही म्हणून मागे चावी शोधत होते. मी सांगितलं की त्यात शेहेचाळीस वाजलेत आणि ताईच्या हिशेबाने ही शुभवेळ आहे.

तेव्हा काळजी नसावी. तिसरी मजेत आहे. शेंड्याला पानांची नवी जोडी आली आहे, दुधी कडेला वर गुलाबी किनार. मी इतक्या साड्या, झगे, पडदे शिवले, पण अशी किनार मला साधली नाही.

आईचं काय सांगू! पहिले चार दिवस आतल्या खोलीतच बसून होती. पाचव्या दिवशी दुकानाच्या खोलीत आली, खुर्ची ओढली आणि माझ्या हातातला कोट घेऊन बटणं लावू लागली. आता गिऱ्हाईकं तिला मोठ्या बाई म्हणतात. परवा एका बाईंनी कंबरेचं माप दोन इंच कमी सांगितलं, तर आईने टेप न लावता खरं माप सांगितलं आणि त्या बाई हसत सुटल्या. खोकला कुठे गेला तेही कळलं नाही. दुपारी कापडांच्या ढिगाला टेकून डुलकी काढते. कोपऱ्यावरून दोऱ्याची रिळं आणायला एकटीच जाते, आणि येताना नको त्या रंगाची आणते.

हे वाचून तुझ्या कपाळावर किती आठ्या आल्या असतील ते इथूनही दिसतंय. जळू नकोस गं. अकरा वर्षं तुम्ही दोघीच त्या घरात होता. माझ्या वाट्याला जरा उशिराच आली आहे, तर थोडी मिरवू दे.

कळावे, लोभ असावा. तक्ता नसला तरी चालेल.

तुझी,
टिल्लू


ता. २६ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी जळत नाही. जळण्यास ज्या गोष्टी लागतात त्यांपैकी एकही इथे उपलब्ध नाही. फक्त काही बाबी शास्त्रीयदृष्ट्या चमत्कारिक वाटल्या, त्या नोंदवते.

शेहेचाळीस हा आकडा उत्तम आहे. तो मी पुन्हा पुन्हा वाचला, म्हणजे त्यात काही चूक आहे का ते पाहिले. तिसरीला माझ्याकडे गेल्या वर्षभरात एकही नवे पान आले नव्हते. खोली तीच, प्रकाश मोजलेला, पाणी मोजलेले. तुझ्याकडे जाऊन पंधरवडा होत नाही तोच जोडी आली. पानाची तयारी आतल्या आत आधीच झालेली असणार आणि ते फुटले मात्र तुझ्या घरी, असाच याचा अर्थ निघतो. श्रेय कोणाचे, हा वाद मी घालत नाही. फक्त तयारी कुठे झाली ते सांगितले.

आईने माझ्याकडे सुई हातात घेतली नाही. मी तिला घेऊ दिली नसती, हेही खरे. तिच्या डोळ्यांना त्रास होतो. तिला टेप न लावता माप सांगता येते, हे मला माहीत नव्हते.

आता मुद्द्याचे. तुझ्या दुकानाच्या खोलीत वाफेची इस्त्री दिवसभर चालते, आणि आईची खोली तिला लागून आहे. वाफ म्हणजे आर्द्रताच, फक्त घाईत असलेली. हिवाळ्यात खिडक्या बंद होऊ लागल्या की ती वाफ आत कोंडेल. तेव्हा रोज सकाळी मीटरचा आकडा घेत जा. तुला वेळ नसेल तर आईकडे ते काम दे. मोजण्याची सवय लागली की माणसाचे मन रमते. आकडा साठावर टिकून राहिला, तर तिसरीला माझ्याकडे परत पाठवणे भाग पडेल. आणि तिसरी काही एकटी प्रवास करणार नाही, हे ओघाने आलेच.

आईची खोली रोज झाडून घेते. पलंगपोस बदलला आहे. घरात आवाज फारसा नसतो, त्यामुळे वाचन पुष्कळ होते.

कळावे. लोभ मोजता येत नाही, तेव्हा तो असल्याचे गृहीत धरते.

तुझी,
ताई


ता. ९ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो, असं म्हणणार होते, पण बातमी वाईट आहे. तू म्हणालीस तसंच झालं. मोजायचं काम आईला दिलं, आणि त्या दिवसापासून आकडे चढतेच आहेत. मीटर ती आता स्वतःजवळ ठेवते. सकाळी आंघोळ उरकून बाहेर आली की मला आकडा सांगते: आधी एकोणऐंशी, मग ब्याऐंशी, आज चौऱ्याऐंशी. तिसरीची दोन पानंही गळली.

मी घाबरून इस्त्री मागच्या व्हरांड्यात नेली. तिथे वारा इतका की कापड धरायला दुसरं माणूस लागतं. ते दुसरं माणूस म्हणजे आमचे हे. त्यांनी काल विचारलं की लग्नात आपण झाडाशी काही करार केला होता का. दोन कोट वेळेवर गेले नाहीत, गिऱ्हाईक रागावून गेलं. तरी आज पुन्हा चौऱ्याऐंशीच. आता इस्त्री बंदच ठेवायची की काय? मग पोट कशावर भरू?

आई म्हणते, तिसरीला थोरलीकडे पाठवून द्या, तिच्यासारखी निगा कुणाला जमणार नाही. आणि ताई, आता खरं लिहिते. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकते ते तुला माहीत नाही. थोरली असं करते, थोरली तसं ठेवते. थोरलीने पावसाचा अंदाज सांगितला की छत्री विसरून चालत नसे. गिऱ्हाइकांना तुझं नाव पाठ झालंय. तुला वाटतं आई माझ्याकडे आहे. देहाने आहे, बाई. मी तिच्या पुढ्यात उभी असते आणि ती तुझं कौतुक सांगत असते. एक झाड माझ्याकडे फुललं, त्यात मला केवढा आनंद झाला होता. तेही आता तुझ्याचकडे जाणार.

काय करू ते लगेच कळव.

कळावे. लोभ असावा, पण थोडा माझ्या वाटणीचाही असावा.

तुझी,
टिल्लू


ता. १५ डिसेंबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आले तेव्हा मी पहिल्याप्रथम ठरवले की लगेच लिहावे: दोघींना पाठवून दे, मी घ्यायला येते. तसे लिहिलेही. पाकीट चिकटवायचे राहिले होते, म्हणून ते टेबलावर ठेवले. दिवसभर येता-जाता त्या चौऱ्याऐंशीकडे पाहत होते. आकडा मला फार सोयीचा होता. सोयीचा आकडा दुसऱ्यांदा तपासावा, हे मी वेधशाळेत नव्या मुलांना जन्मभर शिकवले. तेव्हा ते पत्र फाडले आणि हे लिहीत आहे.

विचार कर. बाहेरची हवा थंड आणि कोरडी आहे. इस्त्री व्हरांड्यात गेली. वाफेचे कारण दूर झाले, तर आकडा उतरायला हवा होता. तो चढला. कारण गेले आणि परिणाम वाढला, असे निसर्ग करत नाही. असे माणसे करतात, किंवा बिघडलेली यंत्रे.

याची परीक्षा तुझ्या स्वयंपाकघरातच आहे आणि ती फार मौजेची आहे. मिठाला हवेतले पाणी ओढण्याची आवड असते, पण ती एका मर्यादेनंतर जागी होते. हवेतली आर्द्रता शेकडा पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ ओलावते, आणि बराच काळ तशीच राहिली तर त्याचे पाणी होते. त्याच्या खाली मीठ कोरडेच राहते. म्हणून एका बशीत चमचाभर कोरडे मीठ पसर आणि ती तिसरीजवळ ठेव. दुसऱ्या दिवशी बोटाने चाळव. शिवाय सकाळी खिडकीच्या काचेला आतून पाणी सुटते का, ते बघ. आणि गळलेल्या पानांचे देठ कसे आहेत? मुळे कुजल्याने पान गळते, तेव्हा ते आधी पिवळट, पाणचट होते आणि देठ पिचपिचीत असतो.

एवढे पाहून कळव. इस्त्री तोपर्यंत आत घे. पुढचा कोट वेळेवर जाऊ दे.

तू जे माझ्या कौतुकाविषयी लिहिलेस, ते मला ठाऊक नव्हते. माझ्याकडे असताना ती तुझ्याविषयी बोलत असे. टिल्लूने असा गळा शिवला असता, टिल्लू असती तर हसून घर डोक्यावर घेतले असते. मला वाटे, हे मला ऐकवण्यासाठीच चालले आहे.

कळावे. लोभाची वाटणी आपल्या हातात नव्हती, हे ध्यानात असावे.

तुझी,
ताई


ता. २० डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. मीठ मोकळं आहे, वाळूसारखं. काच कोरडी. पानांचे देठ अगदी स्वच्छ, जणू नखाने खुडलेले.

मी आईला म्हटलं की ताईने मीठ बघायला सांगितलंय. आईने विचारलं, का. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ‘माणसे करतात’ तिथपर्यंत आले आणि तिने हातातला कोट खाली ठेवला. मग म्हणाली की उरलेलं थोरलीला ती स्वतःच लिहील. तिचं पत्र या पाकिटातच आहे. मी वाचलेलं नाही. वाचावंसं फार वाटलं, म्हणून हे आधी लिहून पाकीट चिकटवते.

इस्त्री आत आली. हे आनंदात आहेत.

कळावे, लोभ असावा. आईचं पत्र वाचलंस की मलाही कळव.

तुझी,
टिल्लू


त्याच पाकिटातले पत्र

चि. थोरलीस,

भरभरून आशीर्वाद.

मिठाने घात केला बघ माझा.

मीटर रोज मीच न्हाणीघरात न्यायची. गरम पाण्याची बादली भरली की खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. अंग पुसेस्तोवर काटा ऐंशीकडे. तोच आकडा टिल्लूला सांगायची. खोटं बोलले नाही. काटा तिथे होताच. कुठल्या खोलीतला, हे कुणी विचारलं नाही. पानंही मीच खुडली. खुडताना तिसरीची माफी मागितली आणि दोन्ही पानं वाटीत वाळू घालून त्यावर ठेवली. टिल्लू इस्त्री उचलून वाऱ्यात जाईल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. तिचे कोट अडले, तरी लाजेने मी खरं सांगितलं नाही. तिचीही माफी मागेन.

आता का ते ऐक. मी परत येणार नाही.

दोन महिन्यांची बोली निम्मी सरली, तरी तुला हे कसं सांगायचं ते सुचेना. तू चिडली असतीस तर सोपं होतं. तू चिडत नाहीस, तू तक्ता करतेस. मग मनात आलं की आधी तिसरी पोहोचू दे तुझ्याकडे. काळजी करायला घरात कुणी असलं म्हणजे मी नसल्याचं तुला कमी टोचेल. तिसरी निघाली की मागोमाग मी, हा तुझा डाव मला कळला होता. तिसरी एकटीच जाईल, हा माझा डाव तुला कळला नव्हता. मायलेकी एका दोरीची दोन टोकं ओढत बसलो.

तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं, बाळ. अकरा वर्षांत एक गोळी चुकली नाही. पण तुझं ते पहिलं पत्र टिल्लूने मला वाचून दाखवलं. पान कडक लागलं तर परत फिरावं, सारखं विचारत बसणं हाच तिचा आजार. ऐकून मी मनात म्हटलं, अगं, हे सगळं हिला ठाऊक आहे की! मग माझ्याच बाबतीत कशी विसरली?

टिल्लू मला विसरते. खरंच विसरते. कामाच्या नादात चहाचं विचारायचं राहून जातं. मग मी उठते, माझा चहा मी करते आणि तिलाही नेऊन देते. तेवढ्यासाठी मला इथे राहायचंय.

तुम्ही दोघी एकमेकींवर जळता. आई एकच आहे आणि ती पुरत नाही, त्याला मी काय करू? इथे आले तर तू आठवतेस, तिथे होते तर टिल्लू आठवायची.

तिसरीला कधी पाठवू ते लिही. तिला जप.

कळावे. आशीर्वाद आहेत, ते खुडून घेतलेले नाहीत.

तुझी,
आई


ता. २८ डिसेंबर

ती. आईस,

सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला, कारण आधी तीन तक्ते झाले. तू का परत यावेस, याचे दोन आणि का येऊ नयेस, याचा एक. शेवटचा लहान होता, पण त्यात खोडाखोड नव्हती.

प्रथम तुझ्या पद्धतीतला दोष सांगते. न्हाणीघर ही जागा चुकली. तू मीटर चहाच्या भांड्याजवळ धरला असतास, तर साठ-पासष्टावर आकडा राहिला असता आणि मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. मला तो ठेवायचाच होता. चौऱ्याऐंशी फार झाले. फसवायचे तर बेताने फसवावे.

आता दुसरे. तिसरीला टिल्लूकडे नवे पान फुटले, हे वाचून मला वाईट वाटले होते. झाडाला पान फुटले आणि मला वाईट वाटले. तू कोपऱ्यावरून चुकीच्या रंगाची रिळे आणतेस हे वाचले, तेव्हा तर त्या रिळांचाही हेवा वाटला. टिल्लूला तो माझा वाटतो आणि मला तिचा, हे आता कळले, पण कळल्याने तो कमी झाला असे नाही. थोडी हवा लागली, इतकेच.

तिसरीला पाठवू नकोस. तिला तिथली हवा मानवली आहे. मोजणारी मी असले तरी ते नाकारू शकत नाही. तिला तुझ्याच खिडकीत राहू दे.

मात्र वाळूवरची ती दोन पाने मला हवीत. त्यांना पाणी घालू नकोस; त्यांच्या पोटात आहे तेवढे पुरते. काही आठवड्यांनी देठाजवळ दोऱ्यासारखी मुळे येतील आणि मग इवलीशी पाने. एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुझी निराशा होणार नाही. पानापासून झाड लावले तर दुधी कड बहुधा उतरत नाही. ती साधी हिरवी निघतील. मला चालतील. सगळी पाने कमावती, आणि फार कोणी विचारले नाही तरी वाढतात.

ती टपालाने पाठवू नयेत. मी स्वतः येते, पुढच्या रविवारी. टिल्लूला सांग की मीटर न्हाणीघरातच राहू दे. तिथला आकडा अचूक होता. तिला हेही सांग की तिच्या डब्याखालचा तक्ता काढू नकोस. माझे एवढे एक काम तरी त्या घरात उपयोगी पडले आहे.

येताना मी काही मोजायचे आणणार नाही. तुझ्या खिडकीची कडी नीट लागते का, तेवढे पाहीन. त्याला हरकत नसावी. एकाच गोष्टीची धास्ती आहे. टिल्लूकडे चहाचे कोणी विचारले नाही, तर काय करायचे असते, ते मला येत नाही. तू उठशील, तेव्हा मलाही हाक मार.

कळावे. तिघींत वाटून जेवढा उरेल, तेवढा लोभ असावा.

तुझी,
थोरली